गॅस्ट्रिक बँड : सात वर्षांच्या वापरानंतर, साडेतीन स्टार

वजन उतरवण्यासाठी पोटात बसवलेल्या ज्या वस्तूचा हा रिव्ह्यू आहे ती सात वर्षं माझ्याजवळ आहे आणि मी ती एकदाही पाहिलेली नाही. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी टेबलावर ठेवलेला नमुना तेवढा हाताळला होता. सिलिकॉनचं एक कडं, त्याच्या आतल्या अंगाला फुगणारी पिशवी, तिला जोडलेली बारीक नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला जाड बटणासारखा पोर्ट. कडं जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती बसतं, पोर्ट पोटाच्या कातडीखाली स्नायूला टाचलेला असतो. पोर्टमध्ये सुईनं सलाइन भरलं की कडं आतून आवळतं, काढलं की सैल होतं. बस, एवढंच यंत्र. ना बॅटरी, ना चिप. नमुना बघून मला सायकलच्या ट्यूबची आठवण झाली होती. अजूनही कुणाला समजावून सांगायचं झालं तर मी ट्यूबच सांगते.

माझे आकडे आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही हे ठरवता येईल. उंची १६० सेंटिमीटर, तेव्हाचं वजन ११८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४६. आज ८९ किलो. हे वजन सरळ रेषेत उतरलेलं नाही, मध्ये चांगलं चढलंही होतं, आणि सांगण्यासारखं जे आहे ते त्या चढाचंच आहे. (मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आलेख डोक्यात येतातच.) ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही. दुर्बिणीतून झालं, दुसऱ्या दिवशी घरी आले, आठवडाभर पोटापेक्षा खांदा जास्त दुखला. तो पोटात भरलेल्या गॅसमुळे दुखतो म्हणे.

पहिले दोन आठवडे पातळ, पुढचे दोन मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, अशी चढण असते. या काळात कडं जवळपास रिकामंच ठेवतात, कारण आतली सूज उतरायला हवी आणि कडं जागेवर पक्कं बसायला हवं. हे मला सांगितलं होतं. मी मान डोलावून ऐकलंही होतं. तरी चौथ्या आठवड्यात भूक पूर्वीसारखीच कडकडून लागली तेव्हा माझ्या नशिबी बिघडलेला पीस आला असंच मला वाटलं. नव्यानं बँड बसवलेल्यांना एवढंच सांगते की पहिल्या फिलपर्यंत बँड काहीही करत नाही. त्या दिवसांतल्या भुकेवरून स्वतःला किंवा वस्तूला नापास करू नका.

फिल म्हणजे पोर्टमध्ये सलाइन भरणं. आडवं व्हायचं, नर्स बोटांनी पोर्ट चाचपते, सुई आत जाते, पाच मिनिटांत काम संपतं. मग उठून बसायचं आणि समोर पेलाभर पाणी प्यायचं. पाणी गुळगुळ करत खाली गेलं तर ठीक, छातीत थांबलं तर थोडं सलाइन परत काढतात. माझा बँड १० मिलीचा आहे. पहिल्या फिलला ३ मिली, मग टप्प्याटप्प्यानं ४.५, ५.५, ६.५. वर्षभरात मी ९७ किलोवर आले आणि मग काटा थांबला.

इथून पुढची चूक पूर्ण माझी. काटा थांबला म्हणून मी आणखी घट्ट करून मागितलं. माझ्या डोक्यात बँड म्हणजे धरणाची भिंत होती. भिंत जितकी उंच तितकं पाणी कमी जाणार, सरळ हिशेब. ७ मिली झालं, मग ७.५. फिलच्या दिवशी पेलाभर पाणी उतरलं होतं, त्यामुळे कागदावर सगळं व्यवस्थित होतं.

साडेसात मिलीवर जेवण म्हणजे काय असतं ते सांगते. सकाळी ब्रेडचा तुकडा नीट चावून गिळला तरी छातीच्या हाडामागे जाऊन बसायचा. तिथे एक बोथट, रुंद दुखणं सुरू व्हायचं, जणू कुणी आतून अंगठा दाबून धरलाय. मग तोंडात लाळ सुटायची, थांबायचीच नाही, घट्ट तार धरणारी लाळ. ती गिळावी तर खाली जागा नाही, थुंकावी तर समोर माणसं. एकदा मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चिकनचा एक तुकडा असा बसला. पुढचा तास आठवीच्या वर्गावर होता. मी फळ्याकडे तोंड करून समीकरण लिहीत होते आणि हातरुमालात थुंकत होते. बारा मिनिटांनी तो तुकडा वर आला, तोवर मी बाथरूमपर्यंत पोचले होते. ही उलटी नेहमीच्या उलटीसारखी नसते. मळमळ नाही, आंबट चव नाही, कारण अन्न जठराच्या मुख्य भागात पोचलेलंच नसतं. जसं गेलं तसंच परत येतं. सुरुवातीला मला याचंही कौतुक होतं. म्हटलं, बघा, काम करतोय बँड!

आणि वजन? वजन वाढत होतं. ९७ चं ९९, मग १०१.

वहीत रोजचं खाणं लिहून ठेवायची मला सवय होती, पण त्या वहीकडे मी हिशेबनीसाच्या नजरेनं पहिल्यांदा बघितलं ते तेव्हा. चिकन, अंडं, भाज्या, फळं यांच्यापुढे एकेक घास लिहिलेला आणि पुढे फुली, म्हणजे अडकलं. त्याच पानांवर आइस्क्रीम, चॉकलेट, मिल्कशेक, दुधात बुडवलेली बिस्किटं, वेफर्स. यांच्यापुढे एकही फुली नाही. जे तोंडात विरघळतं ते बँडला दिसतच नाही. जठराच्या बायपासवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या अन्नाची वाट ऑपरेशननं थेट आतड्याकडे वळवलेली असते त्यांना, गोड जास्त झालं की घाम, धडधड, चक्कर असा शरीराचा दणका बसू शकतो. बँडमध्ये अन्नाची वाट बदललेली नसते, त्यामुळे तसा काही धाक नाही. ही वस्तू घनपदार्थांवर पहारा देते आणि साखरेला सलाम ठोकून आत सोडते. जितका घट्ट बँड, तितका माणूस मऊ, गोड, पातळ खाण्याकडे ढकलला जातो. मी स्वतःच्या पैशानं आणि हट्टानं स्वतःला आइस्क्रीमच्या आहारावर बसवलं होतं.

त्याच काळात रात्री आडवं झालं की खोकला यायचा. चार महिने मी ती ॲलर्जी समजून गोळ्या घेतल्या. बँड असलेल्या माणसाला रात्रीचा खोकला किंवा उशीवर परत येणारं पाणी ही बँड फार घट्ट असल्याची खूण असू शकते. हे मला खूप उशिरा कळलं. तुम्हाला असं होत असेल तर पुढच्या भेटीची वाट बघू नका.

शेवटी बेरियम पाजून एक्स-रे काढला. कड्याच्या वरचा जठराचा भाग ताणला गेला होता. सगळं सलाइन काढून टाकलं आणि एक महिना बँड पूर्ण रिकामा. त्या महिन्यात मी १०३ ला पोचले आणि रोज रात्री रडले. लिहायला लाज वाटते, पण वजनाच्या काट्यावर पाय ठेवताना डोळे मिटायचे. मग पुन्हा हळूहळू भरत ६.२ वर आणून डॉक्टर थांबले. मी म्हटलं, "पण यात तर सगळं खाली जातंय." ते म्हणाले, "जायलाच हवं. प्रश्न किती जातं हा नाही, पुढच्या जेवणापर्यंत भूक शांत राहते का हा आहे."

त्या वाक्यानंतर मी यंत्र पुन्हा समजून घेतलं. नीट बसवलेल्या बँडमधून अन्न साठून न राहता जातं, पण एका दमात जात नाही. प्रत्येक घास कड्यातून पलीकडे ढकलायला अन्ननलिकेला दोन ते सहा वेळा आकुंचन पावावं लागतं. त्याला मिनिटभर लागू शकतं. त्या ढकलाढकलीत कड्याच्या जागी जठराच्या भिंतीवर जो दाब येतो, तो तिथल्या नसांमार्फत मेंदूला पोट भरल्याची खबर देतो. म्हणजे माझी भिंतीची कल्पनाच चुकीची होती. मागचा घास पलीकडे जाण्याआधी पुढचा घातला तर दोन्ही कड्यावर साचतात, वरचा भाग ताणतो, आणि पुढे जठर कड्यातून वर सरकण्याचा धोका असतो.

आता गणित करा. एका घासाला एक मिनिट, जेवायला वीस मिनिटं, म्हणजे वीस घास. छोटे छोटे घास धरले तर वीस घासांत माझी सव्वाशे मिलीची वाटी जेमतेम संपते. म्हणून मोजमाप वाटीभरच. वीस मिनिटांनंतर वाटीत काही उरलं असेल तर ते उरलं. हे उरलेलं टाकणं मला सगळ्यात जड गेलं. लहानपणापासून ताट चाटूनपुसून स्वच्छ करणारी मी, पहिले काही महिने उरलेले तीन घास डब्यात झाकून तासाभरानं खायचे. तो तास मग अर्ध्यावर यायचा. आता सरळ टाकते.

वाटी हे या सगळ्यातलं सर्वात कामाचं उपकरण. मी ताटात जेवणंच बंद केलं, कारण मोठ्या ताटात तेवढंसं अन्न बघून जेवायच्या आधीच उपाशी वाटतं. दुसरं म्हणजे लहान मुलाचा चमचा. टायमरही घेतला होता, तो मात्र फुकट गेला. दर मिनिटाला टिंग वाजलं की मला परीक्षेत पर्यवेक्षक डोक्यावर उभा असल्यासारखं व्हायचं आणि घास आणखी घाईनं जायचा. त्याऐवजी घास तोंडात गेला की चमचा खाली ठेवते आणि समोरच्याला काहीतरी विचारते. उत्तर लांबलं की आपोआप मिनिट होतं. शिक्षकांना प्रश्न विचारता येतात, या धंद्याचा एवढा तरी फायदा.

पदार्थांचं म्हणाल तर प्रत्येकाच्या बँडचा स्वभाव वेगळा, त्यामुळे माझी यादी तुमच्यावर लादत नाही. तरी काही गोष्टी बँडवाल्या बहुतेकांच्या तोंडी ऐकल्यात. मऊ पांढरा ब्रेड चावल्यावर कणकेचा गोळा होतो आणि तो बूच लावल्यासारखा बसतो. तोच ब्रेड कडक भाजला तर चुरा होऊन निभावतो. भाताचंही तसंच, शितं चिकटून एक ढेकूळ होतं. मोकळा, थोडा ओलसर भात दोन-तीन चमचे जातो. कोरडं मांस हा पहिल्या नंबरचा शत्रू, त्यातही कालचं चिकन मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेलं. तेच रसात शिजलेलं, सुटं होणारं असेल तर बरं. मासा सगळ्यात सोपा, काट्यानं दाबला की आपसूक सुटतो. संत्र्याच्या फोडीवरची पातळ साल, पालेभाजीचे दोरे निघणारे देठ, सेलरीसारखं तंतूमय काहीही, हे मी सोडूनच दिलंय. कच्चं गाजर मात्र व्यवस्थित जातं, याचं मला अजून नवल वाटतं.

वाटीत क्रम ठरलेला. आधी प्रथिनं, म्हणजे मासा, अंडं, डाळ, पनीर, जे असेल ते. मग भाजी. भात-ब्रेड जागा उरली तर. बऱ्याचदा उरत नाही. दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत असं मला सांगितलंय. तीन वाट्यांत ती बसवायची म्हणजे वाटीतला प्रत्येक चमचा कामाला लावावा लागतो. शिवाय मल्टिव्हिटॅमिन रोज. गोळी मोठी असेल तर डॉक्टरांना विचारून चघळायची किंवा पातळ स्वरूपातली घेते, कारण गोळीही अडकते. दुखण्यावरच्या काही गोळ्या जठराला त्रास देतात, त्यामुळे डोकं दुखलं तरी आधी विचारणं आलं.

जेवताना पाणी नाही. हा नियम मी सगळ्यात जास्त वेळा मोडलाय. अन्न कड्यावर असताना वर पाणी ओतलं तर ते जाणार कुठे? परत येतं. आणि काही अडकलं की हात आपोआप पाण्याकडे जातो, तिथेच घोटाळा होतो. अडकलं की खाणं-पिणं दोन्ही थांबवायचं, उभं राहायचं, जरा चालायचं, वाट बघायची. साधं पाणीही उतरेनासं झालं, किंवा उलट्या थांबत नसतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. सलाइन काढलं की बहुतेकदा सुटका होते. उलट्या बरेच दिवस चालू ठेवल्या तर शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपून मज्जासंस्थेपर्यंत त्रास जाऊ शकतो. जेवणानंतर मी अर्धा-पाऊण तास काही पीत नाही, मग दिवसभर घोट घोट. फसफसणारी पेयं बंद. गोड पेयं तर बंदच, ती कुठल्याही कड्यातून धावत जातात.

बँडला मूड असतात. सकाळी तो घट्ट असतो, म्हणून माझी न्याहारी दही किंवा पातळ काहीतरी, तीही उठल्यावर तासाभरानं, आधी कपभर गरम पाणी पिऊन. पाळीच्या आधीचे दोन दिवस घट्ट. विमानात घट्ट. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे असतात त्या आठवड्यात फार घट्ट. ताण असला की घास उतरत नाही हे मी लोकांकडून म्हण म्हणून ऐकलं होतं, आता शब्दशः अनुभवते. उलट संध्याकाळी सातनंतर तो इतका सैल होतो की आवरावं मलाच लागतं. माझी सगळी पापं संध्याकाळची आहेत.

आणि एक मजेशीर खूण. वाटी संपत आली की मला शिंक येते. एकच. माझ्या ओळखीतल्या एकीला उचकी लागते, दुसरीचं नाक वाहतं. त्या शिंकेनंतरचा घास हा हमखास जास्तीचा. घरात आता मी शिंकले की नवरा माझ्यापुढची वाटी उचलतो. पाहुण्यांसमोरही.

बाहेर जेवायला जायचं म्हटलं की पूर्वी मला धडकी भरायची. आता सुरुवातीला येणारी एखादी छोटी डिश तेवढी मागवते आणि तीच शेवटपर्यंत पुरवते. लोकांचं लक्ष आपल्या ताटापेक्षा स्वतःच्या ताटात असतं. फक्त आग्रह करणाऱ्यांचं काय करायचं ते मला सात वर्षांत जमलेलं नाही. "एवढंसंच?" याला मी कधी "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणते, कधी नुसतं हसते, आणि एकदा एका बाईंना रागानं पोर्टची जागाच दाखवली होती.

स्टार का कापले तेही सांगते. अर्धा स्टार साखरेच्या सलामासाठी. उरलेला पूर्ण स्टार विक्रीनंतरच्या सेवेसाठी, कारण या वस्तूची निम्मी किंमत तीच आहे. बँड एकदा बसवला आणि विसरला असं होत नाही. पहिल्या वर्षात मी सात-आठ वेळा गेले, अजूनही वर्षातून दोनदा जाते. ज्या ठिकाणी माझं ऑपरेशन झालं तिथे तिसऱ्या वर्षी बँडचं कामच बंद केलं आणि मला एका छापील पत्रानं कळवलं. दुसऱ्याचा बँड हाताळायला डॉक्टर सहजी तयार होत नाहीत. मला नवीन डॉक्टर मिळायला पाच महिने लागले, आणि मी साडेसात मिलीवर अडकून पडले होते ते नेमके हेच महिने.

त्यांनी काम बंद करण्यामागचं कारण मला आता कळतं. बेल्जियममधले सर्जन मितिकू बेलाचेव यांनी १९९३ मध्ये दुर्बिणीतून असा बँड बसवला, २००१ मध्ये अमेरिकेनं त्याला मान्यता दिली, आणि २०११ च्या सुमारास तिथल्या वजनाच्या दर तीन शस्त्रक्रियांतली एक बँडची होती. २०१८ पर्यंत ते प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. लोक स्लीव्हकडे, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेकडे वळले. स्लीव्ह आणि बायपासमध्ये वजन सरासरीनं जास्त उतरतं, आणि बँडवाल्यांपैकी अनेकांना पुढे तो सरकला, रुतला किंवा नुसता सोसवेना म्हणून काढावा लागतो. बँडच्या बाजूनं बोलायचं तर जठर कापलेलं नसतं, आतड्याची वाट बदललेली नसते, आणि गरोदरपणात किंवा मोठ्या आजारपणात तो सैल करता येतो. मला हे शेवटचं कारण पटलं होतं. आज निवडायचं असतं तर मी तिन्ही शस्त्रक्रियांबद्दल विचारलं असतं आणि बँडबद्दल पहिला प्रश्न असा केला असता : दहा वर्षांनी याचं सलाइन कोण काढून देणार?

संध्याकाळी आइस्क्रीमपुढे हात थांबत नसेल, तर हे यंत्र तुमच्यासाठी नाही. मोठमोठे घास, भरलेलं ताट, पोट तुडुंब होईपर्यंत जेवण ही तुमची अडचण असेल आणि फिलसाठी वारंवार जाता येणार असेल, तर माझ्यासारखं चालून जाईल. पहिल्या दोन वर्षांत वैताग, पुढे सवय.

पुढच्या महिन्यात माझी भेट आहे. गेले तीन आठवडे सकाळचं दही जरा अडखळतंय. या वेळी ०.२ मिली काढायला सांगणार आहे.